प्रीसच्या शेतातली वाट

बेचकॉट, श्रॉपशर
रविवार, १४ जून १९९८

प्रिय ऑलिव्ह हिला,
हॉरेसचा स. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. बार्मथला वारा सुटलाय, तुझा गुडघा सुजलाय आणि शेजारीणबाई अजून समुद्रपक्ष्यांना पाव टाकतात, हे सगळं कळलं. फोन कर म्हणतेस, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला सुचत नाही. त्यापेक्षा हेच बरं.

माझं ठीक आहे. ठीक म्हणजे काय ते नीट सांगता येणार नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की ओठ आपला असून आपला वाटत नाही ना, तसं फेब्रुवारीत एनिड गेल्यापासून सगळं अंग आहे. जेवतो, झोपतो, मांजराला दूध घालतो. गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघतो. काल तर निम्म्या रस्त्यातून परत आलो बघायला. बंदच होता.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. चॅपेलच्या गल्लीच्या टोकाला कुंपण ओलांडायची ती लाकडी पायरी होती, ती गेली. तिथे आता लोखंडी फाटक आहे, त्याला कुलूप आणि वर पाटी : खाजगी जागा, वाट नाही. मार्चमध्ये आपण दोघं माझ्या एनिडची रक्षा घेऊन तिथूनच प्रीसच्या शेतातून वर डोंगरावर काटेझाडापाशी गेलो होतो. तू पुढे चालत होतीस आणि मी डबा धरला होता. त्यानंतर मी एकदाही वर गेलेलो नाही. जाईन जाईन म्हणत होतो, आता जाता येत नाही. दुसऱ्या बाजूने जायचं तर रस्त्याने नऊ मैलांचा वळसा आहे, आणि माझी कंबर तुला माहीत आहे.

म्हातारा प्रीस गेल्यावर त्याच्या पुतण्याने शेत विकलं. आता तिथे बर्मिंगहॅमचे हॅलिवेल म्हणून आहेत. माणूस वाईट नाही. रस्त्यात भेटला तर गाडी थांबवून माझी चौकशी करतो. वसंतात कुणाच्या तरी मोकळ्या कुत्र्याने त्याची दोन कोकरं फाडली, म्हणून फाटक. तो म्हणतो, काउंटीच्या नकाशावर इथे वाटच नाही. ते खरं आहे, नकाशावर ती नाही.

गावच्या कौन्सिलचं लिहिण्याचं काम करणाऱ्या मिसेस कॉरफिल्ड फॉर्म घेऊन आल्या होत्या. आठ पानं आहेत. त्यांचं म्हणणं, लोक वीस वर्षं उघडपणे, कुणालाही न विचारता एखाद्या वाटेने चालत आले असतील तर ती वाट सगळ्यांची होते आणि नकाशावर घालावी लागते. पण तसं सांगणारी माणसं हवीत. आम्ही दोघांनी बसून नावं काढली. सहा निघाली. त्यातली तीन चॅपेलच्या आवारात झोपली आहेत, आणि जॉर्ज बेब स्वतःच्या मुलीला ओळखत नाही. उरलो मी आणि तू. तू दर उन्हाळ्यात यायचीस म्हणून तुझाही फॉर्म सोबत घातला आहे. निळ्या शाईने लिहायचा की काळ्या ते कुठेच दिलेलं नाही. मी काळ्या शाईने लिहितो आहे, तूही काळ्याच शाईने लिही.

मी अकराव्या प्रश्नावर अडकलोय. तुम्ही कधी जमीनमालकाची परवानगी मागितली होती का, किंवा त्याने दिली होती का? मिसेस कॉरफिल्ड म्हणाल्या, इथे ‘नाही’ असं लिहायचं, एकदा परवानगी आली की हक्क गेला. पण ऑलिव्ह, टार्टचं काय करू? दर ऑगस्टमध्ये आम्ही वर डोंगरावर झुडपांतल्या जांभळ्या, आंबट विंबेरी वेचायचो आणि एनिड त्यांचा पहिला टार्ट भाजून प्रीसच्या स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन द्यायची. त्याच्या शेतातून येतो जातो म्हणून. आणि तो दर वर्षी म्हणायचा, मिसेस, तुम्हाला वाटेल तेव्हा या. ही परवानगी झाली की नुसती बोलायची रीत? आठवडाभर याच एका प्रश्नाशी बसलोय.

गुडघ्याला गरम कापड बांध. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हॉरेस


बार्मथ
शुक्रवार, १९ जून १९९८

प्रिय हॉरी,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

तू जन्मभर असाच. सहा वर्षांचा होतास तेव्हा गाईने तुझ्या पायावर पाय दिला आणि तू गाईची माफी मागितलीस. आई शेवटपर्यंत ते सांगून हसायची. लग्नाच्या दिवशी चॅपेलपासून घरापर्यंत दोनशे पावलं मोटारीने आणलं म्हणून त्या ड्रायव्हरचे तू तीनदा आभार मानलेस आणि तेवढ्या वेळात एनिड एकटीच घरात गेली. ती मला म्हणायची, आमचा माणूस बसवाल्याला थँक यू म्हणतो, पोस्टमनला म्हणतो, मेंढ्या बाजूला झाल्या तर मेंढ्यांना म्हणतो. माझ्यापुढे ताट आलं की मात्र नुसता हुं. हसत सांगायची, रागाने नाही.

टार्टचं तू काहीही लिहायचं नाहीस. लोक शेजाऱ्याला टार्ट देतात, जगात सगळीकडे देतात. ते भाडं नव्हे. आणि वाटेल तेव्हा या असं तर प्रीस आपल्या गुरांच्या डॉक्टरलाही म्हणायचा. तुला कुणी कसं काय म्हणून विचारलं तर तू पोटाच्या तक्रारी सांगत बसतोस, हाच तुझा दोष. ‘नाही’ असं लिही आणि सही कर.

मी माझा फॉर्म भरला. काळी शाई. एकोणीसशे बावन्न ते एकोणऐंशी, दर उन्हाळ्यात पंधरा दिवस. अकराव्या प्रश्नाला ठळक अक्षरांत ‘नाही’. कसे जात होता, पायी की घोड्यावर की सायकलवर, याला उत्तर पायी. सायकली चॅपेलच्या कुंपणाला टेकवून ठेवायच्या हा एनिडचा नियम मला आठवतो. एकदा मी पायरीवरून सायकल पलीकडे घेऊन शेतात तिच्यावर बसले होते तर तिने मला खाली उतरवलं, मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी असून.

आणि असा सुन्न होऊन घरात बसू नकोस. बायकोकडे जायचं असेल तर जा. नसेल जायचं तर फाटकाचं निमित्त सांगू नकोस.

गुडघा तसाच. नीट जेव. माया करणारी पण फसवून न घेणारी,
तुझी ऑलिव्ह


बेचकॉट
रविवार, १२ जुलै १९९८

प्रिय ऑलिव्ह हिला,
हॉरेसचा स. न. वि. वि.

तुझी चापट मिळाली. तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही कारण तू शेवटी जे लिहिलंस ते खरं होतं. वर जायची मला भीती वाटत होती. वर जाऊनही काही वाटलं नाही तर काय करायचं, अशी. फाटक लागलं तेव्हा आतून थोडं सुटल्यासारखं झालं, हे तुलाच सांगतो.

पुरावा म्हणून काही कागद आहेत का असं मिसेस कॉरफिल्डनी विचारलं, म्हणून एनिडचा नकाशा काढला. तो तू पाहिला आहेस. घड्यांवर फाटला तेव्हा तिने जुन्या उशीच्या अभ्र्यावर चिकटवला होता. शनिवारी दुपारी माझं रस्ते दुरुस्तीचं काम सुटलं की आम्ही निघायचो, आणि घरी आल्यावर चालून झालेल्या वाटेवर ती लाल शाईने रेघ मारायची, बाजूला तारीख. आधी पायी जाता येईल तेवढंच, मग सायकली घेतल्यावर क्लनपर्यंत, बिशप्स कॅसल, पलीकडे कॉर्व्हडेल. सायकल कुठेतरी टेकवायची आणि वाट पायी करायची. सगळी काउंटी लाल करायची असं तिच्या मनात होतं. वेनलॉक एजकडचा एक कोपरा राहिला. स्टायपरस्टोन्सच्या खडकांपाशी लिहिलंय, हॉ.चे बूट चावले, कुरकुर. एका ठिकाणी नुसतं, गारा. मी टेबलावर पसरून सगळ्या तारखा वाचल्या. काही वाटलं नाही. डाव्या हाताला मुंग्या आल्या, तो हात बदलला आणि पुढे वाचलं.

प्रीसच्या शेतावर मात्र लाल रेघ कोऱ्या कागदावरून जाते. खाली छापलेली वाटच नाही. सगळ्या नकाशात अशी ती एकच. लग्नानंतर तीनेक वर्षांनी एनिडने मला विचारलं होतं, ही का रे छापली नाही? मी म्हणालो, छापणाऱ्यांची चूक.

ऑलिव्ह, ती चूक माझी आहे. एकावन्न साली सरकारने गावोगावी कळवलं की तुमच्या पायवाटा नकाशावर काढून पाठवा. पाद्रीसाहेबांनी रस्त्याचा माणूस म्हणून मला बरोबर घेतलं. मी वाट दाखवायची, त्यांनी पेन्सिलने रेघ मारायची. चॅपेलपाशी आलो तेव्हा पाऊस लागला होता आणि त्यांचा चष्मा भिजला होता. त्यांनी विचारलं, बेडोज, ही घालायची का? मी म्हणालो, ही कशाला साहेब, ही तर सगळ्यांना माहीतच आहे. ते म्हणाले, बरोबर आहे, आणि आम्ही चहाला गेलो. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस. कागदावर नसलेली गोष्ट एक दिवस नसलेलीच होते, हे मला कुठून कळणार? तेव्हा ती खरंच सगळ्यांना माहीत होती. आता माहीत असणारा जवळजवळ मीच उरलोय.

म्हणून मी फॉर्ममध्ये सगळं लिहिलं. एकावन्नचं पण, टार्टचं पण, प्रीस काय म्हणायचा ते पण. समास पुरला नाही, कागद जोडला. मिसेस कॉरफिल्डनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, मिस्टर बेडोज, या काउंटीत जितक्या वाटा बुडाल्या ना, त्यातल्या निम्म्या आभार मानून बुडाल्या. मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, आता कृपा करून सॉरी म्हणू नका. फॉर्म मात्र त्यांनी तसाच पाठवला.

आता नवीन पंचाईत. गुरुवारी हॅलिवेल दारात आला. माझी बायको वर आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार. दोरीला बांधलेली किल्ली हातात दिली, लाकडाच्या तुकड्यावर माझं नाव कोरलेलं. म्हणाला, बेडोज, फाटक तुमच्यासाठी नाही हो, तुम्हाला वाटेल तेव्हा या. तेच शब्द. प्रीसचेच. मी थँक यू म्हणून किल्ली घेतलीसुद्धा, आणि तो गेल्यावर मला घाम फुटला. ती वापरली की मी त्याच्या मेहेरबानीने चालणारा झालो. बाकीच्यांना तो म्हणेल, बेडोज बघा, विचारून येतो. आणि ते खोटंही नसेल.

किल्ली चहाच्या किटलीशेजारी खिळ्याला टांगली आहे. दर वेळी पाणी ठेवताना दिसते. काय करू ते लिही. माझ्यासाठी घडीभर डोकं चालव, तेवढा लोभ पुरे.

हॉरेस


बार्मथ
शुक्रवार, १७ जुलै १९९८

प्रिय हॉरी,
अनेक आशीर्वाद. या वेळी चापट नाही.

किल्ली घे आणि वर जा. तू सत्त्याहत्तरचा, मी ऐंशीची. कौन्सिलवाले कागद फिरवत बसतील आणि तोवर आपण दोघंही डब्यात जाऊ. एनिड त्या काटेझाडापाशी आहे, नकाशावर नाही. पुढच्या लोकांच्या वाटेची काळजी पुढचे लोक करतील. हे स्वार्थी वाटत असेल तर वाटू दे. मी चाळीस वर्षं पोस्टात काढली, लोक एकमेकांना किती उशिरा लिहितात ते मला माहीत आहे.

एकावन्नचं वाचून मात्र मी पत्र बाजूला ठेवलं आणि किनाऱ्यावर एक फेरी मारून आले. एवढी वर्षं हे पोटात ठेवून तू तिच्याबरोबर त्याच वाटेने चाललास. अरे वेड्या, तिला माहीत होतं. तिनेच मला एकदा विंबेरी निवडता निवडता सांगितलं होतं, पाद्रीसाहेबांच्या बायकोकडून कळलं म्हणून. हॉरीला बोलू नका म्हणाली, तो आठवडाभर जेवणार नाही. प्रीसला टार्ट का नेते असं मी विचारलं तर म्हणाली, कागदावर नाही ना, मग माणूस तरी राखून ठेवायला हवा. म्हणजे तुझं राहिलेलं ती दर ऑगस्टमध्ये भरून काढत होती. तिलाही कुठे ठाऊक होतं की त्यानेच उलटं होईल.

आणि तुझा रोग मला लागला. प्रीसच्या स्वयंपाकघरात उभी राहून त्या टार्टचा एक तुकडा मीही खाल्ला होता. अकराव्या प्रश्नाला ठळक ‘नाही’ लिहिल्यापासून जेवताना तेच डोळ्यांपुढे येतं. मिसेस कॉरफिल्डना पत्र टाकून फॉर्म परत मागवलाय. त्या बाईला आपल्या घराण्याचा वीट आला असेल.

पण किल्ली घे. हट्ट करू नकोस. ऐकशील एवढी आशा धरून,
तुझी ऑलिव्ह


बेचकॉट
रविवार, ९ ऑगस्ट १९९८

प्रिय ऑलिव्ह हिला,
हॉरेसचा स. न. वि. वि.

आधी सांगतो, मी धडधाकट आहे. काल मी दिवसभर घरी सापडलो नाही म्हणून मिसेस कॉरफिल्डनी तुला फोन केला असं कळलं. करायला नको होता.

काल सकाळी किल्ली एका पाकिटात घातली, वर हॅलिवेलचं नाव लिहिलं आणि त्याच्या दाराच्या फटीतून आत टाकली. चिठ्ठी लिहिणार होतो, पण तीन वेळा लिहून पाहिली आणि तिन्ही वेळा सुरुवात थँक यूनेच झाली, म्हणून नुसतीच टाकली. मग एनिडची सायकल काढली. माझ्या सायकलच्या दांडीवरून आता पाय टाकता येत नाही, तिची बायकी आहे, पाय उचलावा लागत नाही. चाकांत हवा भरली, चीज आणि लोणच्याचं सँडविच घेतलं, थर्मास घेतला, गॅस बघितला. एकदाच.

मोठ्या वळशाने गेलो. तो रस्ता सत्तावीस वर्षं माझ्याकडे होता. कुठल्या वळणाला पाणी तुंबतं, कुठली मोरी मी उकरली, सगळं ओळखीचं. मोऱ्या आता गवताने भरल्या आहेत. बसून कमी आणि ढकलत जास्त, असा चाललो. रॅटलिंगहोपच्या चढाला एका बाईने मोटार थांबवून विचारलं, आजोबा, सोडू का कुठे? मी म्हणालो, नको, मी फिरायला निघालोय. ते खरंच होतं, पण तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच नवीन वाटलं.

माथ्यावर पोचायला दोन वाजले. मेंढ्यांची जुनी वाट आहे ना, तिच्यावरून सायकल ढकलत काटेझाडाशी आलो. वर ती इंजिन नसलेली विमानं फिरत होती, अजिबात आवाज न करता. मी झाडाखाली बसलो. तुला वाटत असेल रडलो. नाही. मी रडायची वाट बघत बसलो, डॉक्टरच्या दाराबाहेर नंबरची वाट बघतात तसा. नंबर आला नाही. शेवटी भूक लागली म्हणून सँडविच खाल्लं, त्याला चव नव्हती, हल्ली कशालाच नसते. मग हाताशी विंबेरी होत्या त्या तोडून तोंडात टाकल्या. पहिली मूठ तशीच गेली. दुसरीही. तिसऱ्या मुठीला जीभ आंबटली. इतकी आंबटली की डोळा मिटला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा कशाची तरी चव आली, आणि ती एवढीशीच होती. मी आणखी खाल्ल्या. बोटं जांभळी झाली, ती अजून आहेत, या कागदावर डाग दिसेल.

वरून प्रीसचं शेत दिसतं. आपली वाट गवतात अजून उमटलेली आहे. फाटक फक्त खाली आहे, डोंगराच्या बाजूला काहीच नाही. परत नऊ मैल जायची माझ्यात ताकद नव्हती, हे एक. आणि दुसरं, मला त्या वाटेने घरी यायचं होतं. सायकल हाताने धरून उतरलो. बसलो नाही, बसलो असतो तर एनिड असेल तिथून ओरडली असती.

फाटकाशी आलो तर अर्थात कुलूप. आतल्या बाजूने मी आणि सायकल, बाहेर गल्ली, आणि पंचवीस पावलांवर चॅपेल. मी उभा राहिलो. हाक मारली असती तर ते विचारणं झालं असतं. म्हणून सायकलची घंटी वाजवली. घंटी काय, कुणीही वाजवतं. बऱ्याच वेळाने हॅलिवेल आला. सकाळचं पाकीट त्याला मिळालं होतं, त्याचं तोंड जरा उतरलेलं होतं. म्हणाला, अहो बेडोज, किल्ली परत दिलीत, मला वाटलं माझं काही चुकलं. आणि आता हे. मला नुसतं विचारायचंत. मी म्हणालो, नाही सर, विचारणार नाही. या वाटेने सगळे जात आले आहेत आणि मी घरी चाललो आहे. त्याने माझ्याकडे, मग सायकलकडे, मग माझ्या जांभळ्या ओठांकडे बघितलं. म्हणाला, ही तुमच्या बायकोची का? मी हो म्हणालो. मग त्याने खिशातून किल्ली काढली, माझंच नाव कोरलेली, आणि फाटक उघडलं. म्हणाला, कौन्सिलला माझं म्हणणं मी सांगणारच आहे. मी म्हणालो, सांगा, सांगायलाच हवं.

आणि ऑलिव्ह, मी त्याच्यासमोरून बाहेर पडलो आणि थँक यू म्हणालो नाही. त्याने फाटक धरलं होतं, सायकल अडकली तर चाकही उचलून दिलं, तरी म्हणालो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. ते घशात तसंच अडकून राहिलं, गल्लीभर, चॅपेलवरून, आपल्या दारापर्यंत. माणूस बघत होता, मला पाठीवर कळत होतं.

मिसेस कॉरफिल्ड दारातच उभ्या होत्या. आधी रागावल्या, मग सगळं ऐकल्यावर खाली बसल्या. म्हणाल्या, निकालाला दोन वर्षं लागतील, टार्टमुळे कदाचित तो आपल्या विरुद्धही जाईल, पण एकावन्नचा तुमचा कागद मोठा आहे, वाट होती आणि कशी राहिली हे सांगणारा दुसरा माणूस नाही. आणि निकाल लागेपर्यंत त्या हॅलिवेलला कसलाही टार्ट नेऊन द्यायचा नाही, शपथ घ्या. मी घेतली. थंडी पडेपर्यंत मोठ्या वळशाने जाईन. पुढच्या शनिवारीही जाणार आहे. वेनलॉकचा कोपरा राहिलाय, त्याचं बघू.

त्या गेल्यावर सायकल आत आणली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवली. एनिड असती तर चिखलाची चाकं आत आणली म्हणून बोलली असती. तिला टार्टचं कारण माहीत होतं, एकावन्नचं माहीत होतं, आणि तरी ती माझ्या पुढे पुढे चालत राहिली, हे तुझ्या पत्रापासून डोक्यात होतं. घशातलं थँक यू अजून तसंच होतं. मी सीटवर हात ठेवला आणि ते म्हणालो. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

मग नकाशा काढला. लाल शाई वाळून गेली होती, पाणी घालून हलवली. काल उतरलो त्या रेघेवरच, तिच्या हाताशेजारी, माझ्या वाकड्या हाताने तारीख घातली : ८ ऑगस्ट १९९८.

गुडघा सांभाळ. आहे ती माया तशीच राहू दे, मला आता ती कळायला लागेल असं वाटतं.

तुझा,
हॉरी